प्रबंध माझा, मठ मेश्राम सरांचा

माणूस गेला की त्याच्याबद्दलचा हेवाही त्याच्यासोबत जातो म्हणतात. मेश्राम सरांना जाऊन बरेच महिने झाले. माझा काही गेलेला नाही. परवाच कोसमझरीहून मडावीबाईंचा फोन आला. "मॅडम, तुमच्या सरांच्या मठात लांडोरीनं अंडे देल्ले, म्हून फोन केला," असं त्या मोठ्या कौतुकानं सांगत होत्या आणि मी इकडे फोन कानाला लावून दात आवळत होते. सर माझे नव्हते आणि मठ सरांचा नव्हता. मठ माझा होता.

हे मी उगाच म्हणत नाही. चंद्रपूरकडच्या मूल गावाहून जंगलाच्या अंगानं निघालं की धानाच्या बांध्या संपतात आणि रस्ता सागात शिरतो. तिथे कोसमझरी आहे आणि गावाबाहेरच्या टेकाडावर हा पडका मठ. मध्ये चौक, चौकाच्या तीन बाजूंना दगडी खोल्यांची ओळ, बहुतेकांची छपरं गेलेली. एकच गोष्ट धड उभी आहे, ती म्हणजे समोरची नक्षीदार दगडी चौकट. दार नाही, बाजूची भिंत अर्धी, पण त्या चौकटीतून आत जाताना माणूस आपोआप वाकतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा लोक त्या जागेला गायकोठा म्हणायचे. खोल्यांत बकऱ्या बांधलेल्या असायच्या. मी लेंड्या झाडल्या, टेप लावून खोली न् खोली मोजली, संध्याकाळी घरी येऊन अंगावरच्या गोचिडी काढल्या. असं कितीतरी वर्षं केल्यावर मी सिद्ध केलं की हा मध्ययुगातला शैव मठ आहे. इथे साधू एका आचार्याच्या शिस्तीत राहायचे, शिकायचे, आल्यागेल्याला जेवू घालायचे. त्यावर मला पीएच.डी. मिळाली. कोठ्याचा मठ मी केला, आणि मग मेश्राम सर आले.

ते आमच्याच कॉलेजात भूगोल शिकवायचे. मूळचे धानोऱ्याकडचे, उंच, हाडकुळे, चालताना एक खांदा पुढे. शर्टाच्या खिशात पेन कधी सापडायचं नाही, खायचं मात्र हमखास काहीतरी असायचं. उन्हाळ्यात रानातली फळं, चारं नाहीतर टेंभरं, एरवी फुटाणे. टेंभराच्या चिकाचे डाग त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशावर होते. प्राचार्य काही गंभीर बोलत असले तरी सर शेजारच्याच्या हातावर हळूच दोन टेंभरं ठेवायचे, आणि तो शेजारचा पुढची दहा मिनिटं बी कुठे टाकायचं या विवंचनेत असायचा. इतिहासाबद्दल त्यांना काडीचं ज्ञान नव्हतं. यादव आधी की वाकाटक आधी, असं विचारलं तर म्हणायचे, "कोणीबी आधी असू द्या जी, पाणी कुठून भरत होते थे सांगा." त्यांचा सगळ्या जगाला एकच प्रश्न असायचा: माणूस इथी राह्यला, तं काऊन राह्यला?

सहलीला मुलीही असतात, मुलंही असतात, तेव्हा सोबत एक लेडीज आणि एक जेन्ट्स शिक्षक पाहिजे, असा आमच्याकडचा रिवाज. मी इतिहासाच्या मुलांना मठ दाखवायला नेलं तेव्हा जेन्ट्स म्हणून प्राचार्यांनी मेश्राम सरांना पाठवलं. आयत्या बिळावर नागोबा कसा येऊन बसतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

मी नेहमीच्या पद्धतीनं सांगायला सुरुवात केली. चौकटीचे थर, वरची वेलपत्ती, मधोमध कोरलेली ती बसलेली आकृती. ती आता इतकी झिजली आहे की नाक-डोळे काही उरलेले नाहीत, पण बसण्याच्या ढबीवरून ती आचार्याची आहे, हे माझं मत. मग खोल्यांचा क्रम, सांडपाण्याची नाली, मागचं कोरडं कुंड. मुलं ऐकत नव्हती. दोघं माकडांना पाव टाकत होते, एक मुलगी उभ्या उभ्या डुलक्या घेत होती. गाढवापुढे वाचली गीता, असं मी मनात म्हटलं आणि आणखी जोरात सांगू लागले.

डबे खाऊन झाल्यावर मेश्राम सर उठले. "चला रे," म्हणाले, "आता एकेकानं एकेक खोली धराची. आत जाऊन बसाचं. बोलाचं नाई, हसाचं नाई, मोबाइल मॅडमपाशी द्याचा. मी टाळी वाजवीन तवा उठाचं." माझ्या हातात मोबाइलांचा ढीग आला. मुलं खिदळत आत गेली. स्वतः सर शेवटच्या खोलीपाशी गेले, आत डोकं घातलं आणि कोणी आधीच बसलेलं असावं तसं म्हणाले, "सरका जी थोडं." मग आत जाऊन पाय लांब करून बसले.

मी चौकात एकटी उभी. आधी थोडं खुसखुसणं ऐकू आलं, मग तेही थांबलं. कुठेतरी कोतवाल पक्षी ओरडत होता. सरांनी टाळी वाजवायला इतका वेळ लावला की मला वाटलं ते झोपले. टाळी झाली तरी मुलं लगेच बाहेर आली नाहीत. आली ती हळू आवाजात बोलत, आणि तीच डुलक्या घेणारी मुलगी सरांकडे गेली, माझ्याकडे नाही. "सर, याहिले इथी घरची आठवण येत असन काय जी?" मग प्रश्नांची झुंबडच उडाली. जेवण कोण रांधायचं, आजारी पडल्यावर कोण बघायचं, कोणी पळून जात होतं का. ही सगळी उत्तरं माझ्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात होती. सर मात्र मनानंच काहीतरी ठोकून देत होते. मी दोनदा चूक दुरुस्त केली. मुलांनी मान माझ्याकडे वळवली, "हो मॅडम" म्हटलं आणि परत सरांकडे वळवली.

परतताना बसमध्ये सर मला म्हणाले, "मॅडम, मठ पाहाचा नसते. मठ बसाचा असते." इतकी वर्षं मी तिथे मोजत होते, वाकत होते, उकिडवी होऊन फोटो काढत होते. नुसती बसले मी कधीच नव्हते, आणि हे त्या माणसाला कळलं होतं याचा मला भयंकर राग आला.

त्यानंतर ते सुटले. रविवार आला की फटफटीवर बसून कोसमझरी. गावात जय भीम म्हणणाऱ्याला जय भीम, जय सेवा म्हणणाऱ्याला जय सेवा, राम राम म्हणणाऱ्याला राम राम. बौद्ध वस्तीतल्या लोकांना ते आपले वाटायचे, कारण ते होतेच. गोंड मोहल्ल्यात मेश्राम हे आडनाव त्यांच्यातही असतं, म्हणून तिथल्या म्हाताऱ्या त्यांना भाऊ म्हणून आधी पाणी द्यायच्या. महादेव मंडळाच्या जेवणाला ते पहिल्या पंगतीत असायचे, आणि वाढायलाही. मी त्याच गावात इतकी वर्षं गेले, मला सगळे खुर्ची द्यायचे. त्यांना कोणी खुर्ची दिली नाही. ते खाटेवरच बसायचे, घरातल्या पोरासारखे. खुर्ची मिळण्यात कमीपणा असतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

आणि त्यांनी माझ्या मठात माणसं भरायला घेतली. माझ्या प्रबंधात 'कक्ष क्रमांक चार' आहे, भिंतीवर काजळीचे अवशेष असलेला. सरांनी त्याचा 'स्वैपाकी बुवा' केला. कोपऱ्यातली अंधारी खोली 'घोरणाऱ्या बुवाची'. चौकटीजवळची पहिली खोली 'नवीन आलेल्या पोराची', कारण रडू आलं तर त्याला बाहेरचं दिसावं. आणि शेवटची, सगळ्यांपासून लांबची, 'भांडखोर बुवाची'. कोणाशी पटेना म्हणून त्याला तिकडे टाकला होता म्हणे. सर नेहमी त्याच खोलीत बसायचे. काऊन, म्हणून कोणी विचारलं तर म्हणायचे, "तिथी पाय लांब होते."

वर्षभरात गावातलं शेंबडं पोरसुद्धा हीच नावं सांगू लागलं. माझ्या एका विद्यार्थ्यानं परीक्षेत मठाच्या रचनेवर टीप लिहिताना भांडखोर बुवाच्या खोलीचं सविस्तर वर्णन केलं. मी शून्य दिला. तो रडत मेश्राम सरांकडे गेला. मी बाजूच्याच कपाटाआड होते, सर त्याला सांगत होते, "मॅडमचं बरोबर हाये बेटा. पेपरात मॅडमचा मठ लिहाचा. आपला मठ गावात सांगाचा." ते माझी बाजू घेत होते, आणि ते ऐकून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आपला मठ म्हणे!

एकदा नागपूरहून काही जाणकार मंडळी माझं काम पाहायला आली. मी आठवडाभर तयारी केली, नकाशे नव्यानं काढले, आणि मेश्राम सरांना या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही. टेकाडावर पोचलो तर सर मोहाच्या झाडाखाली गोंड मोहल्ल्यातल्या मडावीबाईंसोबत फुलं वेचत होते. त्यांना माहीत नव्हतं, खरंच. मंडळींनी अर्धा तास माझं ऐकलं. मग सरांनी त्यांना खोल्यांत बसवलं. त्यातले सर्वांत मोठे, ज्यांच्या एका शब्दासाठी मी वर्षानुवर्षं पत्रं लिहिली होती, ते घोरणाऱ्या बुवाच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. ते सरांचा हात हातात घेऊन उभे राहिले. नंतर सगळ्यांचा मिळून चौकटीत फोटो काढायचा ठरला, मध्यभागी मेश्राम सर, हातात मोहाची टोपली. फोटो मी काढला.

मला त्यांचा नुसता राग यायचा असं म्हटलं तर ते खोटं होईल. रागाला निदान कारण लागतं, आणि त्या माणसानं माझं कधी काही वाकडं केलं नाही. मला त्यांच्यासारखं व्हायचं होतं आणि ते जमत नव्हतं. मी घरी आरशासमोर उभी राहून एकदा "सरका जी थोडं" असं म्हणून पाहिलं. कानाला फारच वाईट वाटलं ते.

पण खरी गोष्ट पुढे आहे. कोसमझरीला गावाच्या तोंडाशी प्रवेशद्वार बांधायचं ठरलं. निधी आला, आणि कोणाच्या तरी डोक्यात आलं की एवढी छान दगडी चौकट टेकाडावर वाया चालली आहे, तीच आणून बसवावी. चौकट निघणार म्हटल्यावर तिच्यावर सगळ्यांचा हक्क जागा झाला. महादेव मंडळाचं म्हणणं, मठ महादेवाचा, मॅडमच्या पुस्तकात लिहिलं आहे, तेव्हा चौकट मंदिरापुढे आली पाहिजे. बौद्ध वस्तीचं म्हणणं, वरची बसलेली आकृती तथागतांची आहे, हा विहार होता, चौकट आमच्या विहारापुढे पाहिजे. गोंड मोहल्ला म्हणाला, मागच्या मोहाखाली आमचा देव, आमचा पेन आहे, तुमच्या दोघांच्या आधीपासून आहे, चौकट त्या देवाच्या वाटेवर आहे, ती आमच्या हातानंच निघेल.

कोणाच्याही हातानं निघाली तरी माझ्या दृष्टीनं सारखंच होतं. चौकटीच्या वरच्या आडव्या दगडाला आरपार चीर आहे. बाजूच्या दोन दगडांच्या दाबानं तो नुसता अडकून उभा आहे. खालून हलवला की त्याचे दोन तुकडे होणार आणि ती आकृती मधोमध फुटणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. मग ना महादेव राहणार, ना तथागत, ना माझा आचार्य.

ग्रामसभेला मी गेले. नकाशे नेले, चिरेचे फोटो नेले, भरपूर बोलले. जागेवरून हलवलेला अवशेष मुका होतो, असं एक चांगलं वाक्यही मी तयार केलं होतं. लोकांनी आदरानं ऐकलं. मी बसल्यावर सरपंच म्हणाले, "मॅडम शिकेल हायेत, त्याहिचं म्हणणं आपण लक्षात ठिवू. आता ट्रॅक्टर कोणाचा घ्याचा थे बोला."

मेश्राम सर मागे भिंतीला टेकून फुटाणे खात होते. ते तिथूनच म्हणाले, "न्या जी. कोणीबी न्या. पण मले एक सांगा, घरात माणसं असतांना घराची चौकट काढता काय तुम्ही?"

"कोन्ते माणसं?" सरपंच म्हणाले.

"जे राहत होते थे. स्वैपाकी हाये, घोरणारा हाये, नवीन पोरगं हाये. त्याहिले कोणी जा म्हणलं काय? आमच्या धानोऱ्याकडे असं करत नाईत बाप्पा. पयले इचारतात."

"इचाराचं कसं?"

"सगळ्या मोहल्ल्यातले माणसं खोल्याइत बसाचे. दिवस निंगल्यापासून सूर्य डोक्यावर येतपर्यंत. बोलाचं नाई. उठल्यावर सगळ्याइचं मन एक असन, तं समजाचं का घरचे हाव म्हणले. मंग खुशाल काढा."

सभेत कोणी हसलं नाही. मडावीबाई मान हलवत म्हणाल्या, "हे बराबर हाये. न इचारता दार काढनं चांगलं नाई." आणि ज्या लोकांना माझे चिरेचे फोटो पटले नव्हते, त्यांना हे तत्काळ पटलं. मोहाची फुलं पडायला लागायच्या आधीचा रविवार ठरला. एकदा मोह पडू लागला की गावात बसायला कोणी रिकामं नसतं.

परतताना मी त्यांना विचारलं, "सर, धानोऱ्याकडे खरंच अशी प्रथा आहे?"

"आजपासून हाये ना जी," सर म्हणाले.

मी थक्क झाले. पुराव्याशिवाय एक ओळ लिहायला जिचा हात धजत नाही अशी मी, आणि हा माणूस फुटाणे खाता खाता प्रथा पाडतो. त्याहून वाईट म्हणजे त्यांची थाप लागू पडली होती आणि माझं खरं जागच्या जागी पडलं होतं.

त्या रविवारी लोक बसले. मी बाहेर उभी राहून पाहिलं. सरपंचांचा मोबाइल दोनदा वाजला, तिसऱ्यांदा मडावीबाईंनी तो काढून घेतला. महादेव मंडळाचे अध्यक्ष आणि बौद्ध वस्तीतले निवृत्त गुरुजी, ज्यांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं, ते शेजारच्या खोल्यांत आले. मधली भिंत कमरेइतकीच उरली आहे. तेव्हा दोघं एकमेकांकडे न पाहण्यासाठी बराच वेळ आभाळाकडे पाहत होते. मग अध्यक्षांना ठसका लागला आणि गुरुजींनी न बोलता भिंतीवरून पाण्याची बाटली सरकवली. घोरणाऱ्या बुवाच्या खोलीत खरंच कोणीतरी घोरलं. ऊन चढलं तशी मेश्राम सरांनी भांडखोर बुवाच्या खोलीतून टाळी वाजवली. सगळे चौकात जमले.

"झालं मन एक?" सरांनी विचारलं.

लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. झालं म्हणावं तर चौकट दुसऱ्याला जाईल, नाही म्हणावं तर भांडण आपल्या माथी येईल. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "पुढच्या साली पाहू." गुरुजी म्हणाले, "हाव, पुढच्या साली पाहू." मग तिथेच भात आणि वांग्याची भाजी झाली.

पुढच्या साली पुन्हा बसले, पुन्हा मन एक झालं नाही, पुन्हा भात झाला. पुढे पुढे चौकटीचं कोणी विचारीनासं झालं; वांग्यात तिखट किती, यावरच वाद व्हायचे. माहेरवाशिणी त्या रविवारच्या हिशेबानं गावी येऊ लागल्या. गावाचं प्रवेशद्वार सिमेंटचं झालं. सर दरवर्षी शेवटच्या खोलीत पाय लांब करून बसायचे आणि मी दरवर्षी बाहेर उभी राहून जळायचे. मला कोणी बसायला सांगितलं नाही असं नाही. सर म्हणायचे, "या ना जी मॅडम." मी म्हणायचे, मला फोटो काढायचे आहेत.

निवृत्त झाल्यावर सर धानोऱ्याला बहिणीकडे राहायला गेले. हृदयाचं दुखणं निघालं होतं, फटफटी बंद झाली, तरी त्या रविवारी भाच्याच्या गाडीतून यायचे. गेल्या साली मात्र आले नाहीत. डॉक्टरांनी हिंडायला मनाई केली होती.

नेमकं त्याच साली गावात नवीन सरपंच निवडून आल्या होत्या. तरुण, हुशार, कामाला वाघ. त्यांनी सिमेंटचं प्रवेशद्वार पाडून चांगलं करायचं ठरवलं होतं, आणि त्यांना चौकट हवी होती. लोक बसले, उठले, आणि कोणी "पुढच्या साली" म्हणायच्या आधीच त्या म्हणाल्या, "किती साल पाहाचं? कोणाचं नाई म्हणणं असन तं आता सांगा." टेकाडाखाली ट्रॅक्टर उभा होता, साखळदंडासकट. अध्यक्ष, गुरुजी, तीन मोहल्ल्यांची माणसं पायाखालची माती उकरत होती. मग मडावीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "सर नाईत तं मॅडम सांगन. सांगा न जी मॅडम."

माझ्या पिशवीत चिरेचे फोटो होते. ते मी काढले नाहीत. मी काय बोलायचं ते मला माहीत नव्हतं, आणि तोंडातून निघालं ते असं: "भांडखोर बुवाची खोली रिकामी आहे." आवाज कापत होता. "आज तिथे कोणी बसलं नाही. एक जरी खोली रिकामी राहिली तरी बसणं पुरं होत नाही. पुरं झाल्याशिवाय चौकटीला हात लावत नाहीत."

सरपंचबाईंनी भुवया उंचावल्या. "असा नियम हाये?"

असा कुठलाही नियम नव्हता. मी इतिहासाची प्राध्यापक होते आणि भर चौकात उभी राहून धडधडीत खोटं बोलले होते.

"हाये ना," मडावीबाई म्हणाल्या. "काऊन नाई? आमच्या सासूच्या टायमापासून हाये."

सासू त्यांची मी प्रबंधाचं काम सुरू करायच्याही आधी गेली होती. पण गुरुजी म्हणाले, "बराबर हाये," आणि अध्यक्ष म्हणाले, "आमच्या आज्यानंबी हेच सांगतलं व्हतं." सरपंचबाईंनी सगळ्यांकडे एकदा नीट पाहिलं. त्या काय समजायचं ते समजल्या असाव्यात. "बरं," म्हणाल्या, "पुढच्या साली खोल्या भरून बसा." ट्रॅक्टर रिकामा परत गेला.

त्या दिवशी वांग्यात तिखट किती हेही मला कळलं नाही, इतका आनंद झाला होता. चौकट मी वाचवली होती. मी, मेश्राम सरांनी नाही. आणि हे दुसऱ्या कोणी सांगायच्या आधी मला माझ्या तोंडानं त्यांना सांगायचं होतं. त्यांचा चेहरा पाहायचा होता. थोडा तरी पडेल, अशी आशा होती.

दुसऱ्या दिवशी गडचिरोलीला बस बदलून धानोऱ्याला गेले. बहिणीचं घर गावाच्या टोकाला, बांबूच्या कुंपणाचं. तिकडे मोह आधीच पडू लागला होता; अंगणात फुलं वाळत घातलेली, त्यांचा गोड जड वास रस्त्यापर्यंत येत होता. फाटकाशी पोचले तर आत माणसंच माणसं. कोणी फुलं निवडत होतं, कोणी नुसतं टेकलं होतं. ओट्यावर मेश्राम सर उभे. फार वाळले होते, बंडी खांद्यावरून लोंबत होती. कोसमझरीचे फोन माझ्याआधी पोचले होते.

"मॅडम म्हंजे साध्यासुध्या नाईत," सर सांगत होते. "ट्रॅक्टर चढून राह्यला वर, घर्र घर्र. साखळी लावाले पोट्टे तयार. अन् मॅडम अशा आल्या मधात." माझ्यासमोर ट्रॅक्टर टेकाडावर चढलाच नव्हता. "आल्या अन् चौकटीले हात लावला. असा." सरांनी घराच्या दाराच्या चौकटीवर हाताचा पंजा टेकवला. "अन् म्हणल्या, या घरातला एक माणूस अजून आत हाये. त्याले उठवाचं असन तं पयले मले उठवा. सगळं गाव चूप! पोट्टे साखळी टाकून पयाले."

"मंग?" एका बाईनं विचारलं. तिच्या हातातलं फूल हातातच राहिलं होतं.

"मंग काय. आवाज असा खणखणीत, का मोहावरचे मिठ्ठू उडाले. मी सांगतो तुमाले, थो मठ ज्यानं बांधला त्यालेबी एवढा माहीत नसन जेवढा त्या बाईले माहीत हाये."

दम लागून ते थांबले, पण हात चौकटीवरून काढला नाही. सगळे त्यांच्याकडे मान वर करून पाहत होते. त्यांची माझ्याकडे पाठ आणि सरांचं तोंड चौकटीकडे, म्हणून मी कोणालाही दिसले नव्हते, आणि मी फाटक उघडलं नाही. गोष्ट संपेपर्यंत तिथेच कुंपणाला धरून उभी राहिले. मग तशीच परत फिरले; सरांना पाहिलं ते तेवढंच, शेवटचं. मी चौकटीला हात लावला नव्हता, माझा आवाज खणखणीत नव्हता, एकही मिठ्ठू उडाला नव्हता. आणि तरीही त्या अंगणातला प्रत्येक जण त्या बाईवर विश्वास ठेवून होता. आयुष्यात मला पुष्कळांचा हेवा वाटला आहे. पण मेश्राम सरांच्या तोंडून ऐकलेल्या त्या मॅडमचा वाटला, तेवढा कोणाचाच नाही.